बारावीनंतर बीएस्सीला गणित घेऊ की संख्याशास्त्र?

कॉलेजात दोन्ही एकत्र घेता येत असतील तर पहिल्या वर्षी दोन्ही घ्याच. मुख्य विषय नंतर ठरवा.

बारावीला गणितात ९५ मिळाले म्हणून डिग्रीचं गणित आवडेलच असं नाही. तिथे आकडेमोड मागे पडते आणि सिद्धता पुढे येते: रिअल अ‍ॅनालिसिसमधलं एप्सिलॉन-डेल्टा, ग्रुप थिअरी. 'हे खरं का आहे?' हा प्रश्न तासन् तास छळत असेल, तर बेधडक गणित घ्या. संख्याशास्त्रात संभाव्यता, वितरणं, गृहीतक चाचणी आणि भरपूर प्रॅक्टिकल असतात, बऱ्याच ठिकाणी 'आर' या सॉफ्टवेअरवर. पण गणित टाळायला म्हणून इकडे येऊ नका, फार हाल होतात. मल्टिपल रिग्रेशन (अनेक घटकांवरून एका गोष्टीचा अंदाज बांधणं) समजायला मॅट्रिक्स लागतात आणि सलग (कंटिन्युअस) वितरणांना इंटिग्रेशन. एमएस्सीसाठीच्या 'जॅम' परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरातही कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा असतंच.

यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा डोक्यात असेल तर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय ठेवा. नुसत्या गणिताच्या पदवीवर तिथे अर्ज करता येत नाही, आणि हे बऱ्याच मुलांना तिसऱ्या वर्षी कळतं.