फॉस्फेटिंगची लाइन सुरू करताना
नाशिकच्या अंबडमध्ये फॉस्फेटिंगची, म्हणजे लोखंडी भागांवर रंगाआधी फॉस्फेटचा थर देण्याची, लहान लाइन उभारताना तुम्ही टाक्यांची मापे आणि रसायनांचे दर विचारलेत. परंतु पहिले लक्ष डिग्रीझिंगकडे, म्हणजे भागांवरचे तेल-ग्रीस काढण्याकडे द्यावे, असा माझा आग्रह आहे. फॉस्फेटचा थर रंगासारखा वरून चढवलेला नसतो. आम्लाने पृष्ठभागावरचे लोखंड किंचित विरघळले की तेथेच वाढणाऱ्या स्फटिकांनी तो बनतो, आणि जेथे तेलाचा पातळ पडदा शिल्लक असतो तेथे ही क्रिया नीट होत नाही. धुतलेला भाग उभा धरून पाहा. पाणी सलग पसरलेले राहिले तर तो स्वच्छ आहे. थेंब फुटले तर पुन्हा डिग्रीझिंगला पाठवा.

बाथ, म्हणजे टाकीतले फॉस्फेटचे द्रावण, नजरेने कधीही पारखू नये. रोज १० मिली नमुना घेऊन ०.१ नॉर्मल (ठरावीक तीव्रतेच्या) कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने टायट्रेशन करावे, म्हणजे रंग बदलेपर्यंत ते थेंबाथेंबाने घालून किती लागले ते मोजावे. ब्रोमोफिनॉल ब्लू या दर्शकाने मुक्त आम्ल आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाने एकूण आम्ल कळते. मुक्त आम्ल वाढले की थर विरळ पडतो, फार घटले की टाकीत गाळ साचतो. पुरवठादाराने दिलेली मर्यादा टाकीशेजारी लिहून ठेवा.

नाशिकच्याच सातपूरला असताना एका जुलैत मी फॉस्फेट केलेले भाग नीट न वाळवता रात्रभर ठेवले होते आणि सकाळी त्यांवर गंज दिसला. म्हणून पावसाळ्यात ओव्हनमधून काढलेल्या भागांवर त्याच दिवशी रंग किंवा तेल चढवा.

पुढे ॲल्युमिनियमचे काम घेतलेत, तर त्यावर थर देण्यासाठी कृपया ट्रायव्हॅलंट (त्रिसंयुजी) क्रोमियमची प्रक्रियाच निवडा. हेक्झाव्हॅलंट (षट्संयुजी) क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि टाकीवर उभा राहणारा माणूस तुमच्या भरवशावर उभा असतो.