कमानपाट्याचा बाक

प्रश्न : ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून सुरीसाठी फूटभर पट्टी कापून घेतली. मधोमध थोडा बाक आहे. ऐरणीवर थंडच ठोकली तर चालेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : थंड ठोकू नका. पाट्याला कारखान्यातच पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं असतं. तो घाव खाऊन पुन्हा होता तसा होतो, आणि आत बारीक चीर असली तर तिथेच तडकतो. आधी भट्टीत लाल करा. लोहचुंबक चिकटेनासा झाला की आणखी जरा तापवा आणि रात्रभर कोरड्या राखेत पुरा. सकाळी पट्टी मऊ मिळेल.

मग पोकळ बाजूला पोलादी फूटपट्टी टेकवून उजेडासमोर धरा. फट सगळ्यात मोठी दिसेल तिथे, पण मागच्या अंगाला, खडूची खूण करा. व्हाइसमध्ये पोकळ बाजूला दोन टोकांशी गजाचे दोन तुकडे, खुणेवर एक, आणि सावकाश आवळा. सरळ दिसली म्हणून थांबलात तर सैल सोडताच बाक परत येणार. किंचित उलटी वाकेपर्यंत न्या. हातोडीनेही जमतं म्हणा, पण तिचे वळ घासून काढताना जीव जातो. केसभर फट उरली तर ती घासण्यात निघून जाते.