उबुंटू बसवताना मोकळी जागा 'अनयुजेबल' का दिसते?

विंडोजमध्ये सी ड्राइव्ह लहान करून तुम्ही 60 जीबी जागा मोकळी केली, तरी उबुंटू या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर तिला 'अनयुजेबल' (वापरता न येणारी) म्हणतो, याचा अर्थ डिस्क बिघडली आहे असा नाही. तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असावी; डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठे आहेत याची नोंद ठेवण्याची ही पद्धत आहे. या पद्धतीत पार्टिशनच्या नोंदींसाठी जेमतेम 64 बाइट राखलेले असतात आणि प्रत्येक नोंद 16 बाइटची असल्यामुळे चारपेक्षा जास्त प्रायमरी (थेट या नोंदींत बसणारी) पार्टिशन होऊच शकत नाहीत. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि कंपनीने दिलेले रिकव्हरी मिळून तुमचे चार बहुधा आधीच भरले असतील.

उपाय असा: डी मधील सर्व फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, ते पार्टिशन काढून टाका आणि त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करा, म्हणजे त्याच्या पोटात हवी तितकी लॉजिकल पार्टिशन करता येतील. त्यांचे क्रमांक 5 पासून सुरू होतात, त्यामुळे एसडीए5 (लिनक्समध्ये डिस्कच्या 5 क्रमांकाच्या पार्टिशनचे नाव) दिसल्यास गोंधळू नका. मोकळी केलेली जागा डी ला लागून असेल, तरच ती यात सामावते. लिनक्स लॉजिकल पार्टिशनवरूनही व्यवस्थित चालते.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पाचवे पार्टिशन करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा, कारण ते डिस्क 'डायनॅमिक' (विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या मांडणीची) करून टाकते आणि मग लिनक्सचा इन्स्टॉलर अधिकच अडतो. जीपीटी या नोंदींच्या नव्या पद्धतीमध्ये ही अडचण नसते. परंतु एमबीआर डिस्कचे जीपीटीत रूपांतर करणारे विंडोजचे एमबीआरटूजीपीटी हे साधनदेखील तीनपेक्षा जास्त प्रायमरी असल्यास रूपांतर नाकारते.