‘मला तिचं दुःख जाणवतच नाही’

“ताई, म्हातारपणी एम्पथी शिकता येते का?”

जानेवारीतली सकाळ होती. दहा वाजून गेले तरी ग्वाल्हेरचं धुकं हटलं नव्हतं. काका मफलर न काढताच खुर्चीत टेकले, खिशातून चिठ्ठी काढली आणि हा प्रश्न त्यांनी वाचून दाखवला. ‘एम्पथी’, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं जाणणं, हा शब्द चुकू नये म्हणून लिहून आणला होता. पुण्याच्या मुलीने फोनवर रागाच्या भरात तो त्यांना ऐकवला होता : “बाबा, तुमच्यात एम्पथी नावाची गोष्टच नाही.”

(काका-काकूंना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आदल्या मे महिन्यात काकूंचा धाकटा भाऊ जबलपूरला हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तेव्हापासून काकूंचं बोलणं आटलं होतं. स्वयंपाक, देवपूजा, भाजी आणायला बाड्यावर जाणं, सगळं चालू होतं, पण माणूस घरात नसल्यासारखं. काका म्हणाले, “मेहुणा चांगला होता. मला वाईट वाटलं. पण तिच्यासारखं काही होत नाही हो. स्मशानात रडू आलं नाही, आताही येत नाही. ती गप्प बसते तेव्हा मी शेजारी जाऊन बसतो, प्रयत्न करतो. आत काही हलतच नाही. मी दगड आहे का?”

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. सासू गेल्यावर सून विचारते, मित्राचा घटस्फोट झाल्यावर कॉलेजातला मुलगा विचारतो. शब्द वेगळे असतात, भीती एकच : समोरचा जळतोय आणि मला चटका बसत नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे.

आधी दोन गोष्टी तपासून घेतल्या. काकांना स्वतःच्या आयुष्यातलं काही जाणवतं का? नातीचा फोन, जेवणाची चव, दत्तमंदिरातलं गुरुवारचं भजन? सगळंच सपाट झालं असेल तर तो वेगळा विषय असतो, तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. तसं नव्हतं. काकूंच्या झोपेबद्दल, खाण्याबद्दल, जिवाचं काही बरंवाईट बोलतात का याबद्दलही विचारलं. झोप कमी होती, बाकी धोक्याचं काही दिसलं नाही.

मग मी म्हटलं, “काका, तिचं दुःख तुम्हाला तिच्यासारखं जाणवणार नाही. कुणालाच जाणवणार नाही.”

ते चमकले. अशा वेळी मला एडिथ स्टाइन आठवते. जर्मनीत हुसर्लने फिनॉमेनॉलॉजी नावाची तत्त्वज्ञानाची एक वाट काढली होती. आपली मतं, कारणं, सिद्धांत तात्पुरते बाजूला ठेवायचे आणि अनुभव जसा समोर येतो तसा आधी नीट पाहायचा, ही त्या वाटेची पहिली अट. स्टाइन त्याची विद्यार्थिनी. महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, ती रेडक्रॉसची परिचारिका म्हणून साथीच्या रोगांच्या लष्करी इस्पितळात राबली. पुढच्याच वर्षी फ्रायबुर्गला तिने दुसऱ्याचा अनुभव आपल्याला कळतो कसा या प्रश्नावर प्रबंध पुरा केला. तेव्हा तिने पंचविशीही गाठली नव्हती. ज्यू घराण्यात जन्मलेल्या या बाईला १९४२ साली आउश्वित्झमध्ये मारण्यात आलं.

त्या प्रबंधात सुरुवातीलाच ती जे उदाहरण घेते ते हेच : मित्र येऊन सांगतो, माझा भाऊ गेला. त्याची वेदना मला कळते. पण हे कळणं म्हणजे नेमकं काय?

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मफलर सोडला. “भाऊच गेला, असं म्हणते?”

हो. आणि तिचं उत्तर असं, की वेदना मित्राचीच आहे. त्याला ती थेट होते आहे, मला तशी होत नाही आणि होणारही नाही. तरीही ती मला दिसते, तिच्याकडे मी खेचला जातो, ती मला नेईल तिकडे जातो. तिच्या आधी लिप्स नावाच्या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं, की कसरतपटूचा खेळ बघताना आपण मनाने त्याच्याबरोबर दोरीवर असतो, तोच होऊन जातो. स्टाइनला ते पटलं नाही. आपण त्याच्यासोबत असतो, पण आपण तो नसतो.

‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ असं आपण म्हणतो. जळणं ज्याचं त्याचंच, इथवर स्टाइनने मान डोलावली असती. पण म्हणून दुसऱ्याला काहीच कळत नाही, हे तिने मानलं नसतं.

मराठीत एम्पथीला बहुधा समानुभूती म्हणतात. मला हा शब्द कामात अडतो. ‘सम’ म्हटलं की माणूस आपल्या आत तेच दुःख शोधायला लागतो, आणि सापडलं नाही की स्वतःला गुन्हेगार ठरवतो. काकांचं हेच झालं होतं. परानुभूती हा शब्द मला बरा वाटतो. अनुभव पराचा आहे, हे त्यात उघड आहे.

पण तत्त्वज्ञान सांगून घरातली शांतता फुटत नाही. काका चाळीस वर्षं पेटी वाजवतात, या शहरात ख्याल ऐकतच वाढलेले. मी विचारलं, “बुवांना साथ करता तेव्हा काय करता?”

“मागून जायचं. जागा त्यांनी घ्यायची, मी धरायची. अगोदर गेलो तर बुवा डोळे वटारतात.”

“त्यांच्या गळ्यात काय चाललंय ते तुम्हाला जाणवतं?”

“गळा त्यांचा हो. मला फक्त कळतं, कुठे निघालेत. कधी चुकतंही.” आणि ते एकदम थांबले. मीही थांबले. खोलीत घड्याळाचा आवाज तेवढा होता.

मी त्यांना एक काम दिलं. वहीत रोज दोन ओळी. काकूंचं काय दिसलं ते लिहायचं, का ते लिहायचं नाही. पहिल्या आठवड्यात आलं : ‘आज चिडली.’ मी म्हटलं, चिडली हा तुमचा निकाल झाला, दिसलं काय? “भांडं जोरात ठेवलं.” कोणतं? कुठे? हळूहळू वही बदलली. तिसऱ्या आठवड्यातली एक नोंद अशी : ‘रविवार. पोळ्या साडेसहालाच उरकल्या. हात पुसून फोन टेबलावर समोर ठेवला. सात ते सव्वासात बसून होती. फोन वाजला नाही. मग जेवायला वाढलं.’

भाऊ दर रविवारी सातला फोन करायचा. काका आठ महिने समजत होते, की हिला मालिका बघायची असते म्हणून ही लवकर उरकते. टीव्ही मात्र बंद असायचा.

इथे माझी चूक सांगायला हवी. ही वही काकूंना सांगून लिहा, हे मी म्हटलंच नव्हतं. ती त्यांच्या हाती लागली आणि घरात भडका उडाला. “अहो, माझ्यावर पाळत ठेवता?” दुसऱ्या दिवशी काकूच माझ्याकडे आल्या. बसल्याही नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कुणाकडे बारकाईने पाहायचं आणि त्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, यात समोरच्याचा मान राहत नाही. डॉक्टर पाहतो तसं ते पाहणं होतं, माणसाने माणसाकडे पाहावं तसं नव्हे. मी माफी मागितली. दुसऱ्याबद्दल माझं जे आकलन, ते खरं की खोटं हे शेवटी तोच सांगू शकतो. हे मला पाठ होतं, आणि नेमकं तेच काकांना सांगायचं राहून गेलं.

मग काकू बसल्या. एरवी दोन वाक्यांत आटपणाऱ्या बाई बराच वेळ बोलल्या.

“तेराव्यापर्यंत बायका यायच्या, माझ्या गळ्यात पडून रडायच्या. एकीला तर मीच पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तिची मावशी गेली होती म्हणे गेल्या वर्षी. ह्यांनी निदान तो त्रास दिला नाही.”

रडणं म्हणजे परानुभूती नव्हे, हे मी काकांना तीन आठवडे समजावत होते, काकूंनी एका दमात सांगितलं. माक्स शेलर नावाच्या आणखी एका तत्त्वज्ञाने १९१३ मध्येच हा फरक दाखवला होता : भावनेची लागण वेगळी आणि दुसऱ्याचं दुःख दुसऱ्याचं म्हणून पाहणं वेगळं. लागण झालेला माणूस आपलंच रडतो, आणि ज्याचं दुःख आहे त्यालाच त्याला सावरावं लागतं. आपल्याकडे भेटायला जाणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते.

“पण ह्यांचं ते ‘समजतं मला’ नको वाटतं,” काकू म्हणाल्या. “आणि ‘वेळ जाऊ दे’ तर नकोच.”

वही बंद झाली. काकूंच्या संमतीने ठरलं ते एवढंच : दिसलं तर विचारायचं, तिला सांगायचं नसेल तर तिथेच सोडायचं, आणि ‘समजतं’ हा शब्द काही दिवस घरात वापरायचा नाही.

फेब्रुवारी सरता सरता काका आले. आदल्या रविवारी ते सातला काकूंसमोर जाऊन बसले होते आणि त्यांनी विचारलं होतं, “सात वाजता काय होतं गं तुला?”

त्यांचा समज होता, ती भावाची वाट बघते. काकूंनी सांगितलं ते वेगळंच होतं. मेमधल्या त्या शेवटच्या रविवारी घरी पाहुणे होते. सातला फोन वाजला. पुऱ्या तळायच्या होत्या. त्यांनी तो कापला, म्हटलं उद्या बोलू. सोमवार तसाच गेला. मंगळवारी पहाटे भाऊ गेला.

“मी काय धरून चाललो होतो, ताई, आणि काय निघालं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“‘यात तुझी काय चूक’ असं तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. तिचं चालू होतं ना अजून. मध्ये कसं जाणार?”

त्या पाऊण तास बोलल्या. भावाच्या लहानपणाचं, त्याच्या हसण्याचं, त्या कापलेल्या फोनचं पुन्हा पुन्हा. मग त्यांनीच विचारलं, वरण गार झालं असेल ना. काका म्हणाले, “तू बस, मी गरम करतो.”

गॅस पेटवताना दोन काड्या वाया गेल्या, हात थरथरत होता, असं त्यांनी सांगितलं. का, ते मी विचारलं नाही.