एसीई अभ्यासक्रमाच्या ख्रिश्चन शाळेत शिक्षक वर्गाला शिकवत नाहीत, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. 'ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' म्हणजेच एसीई १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालं. मुलं दोन्ही बाजूंना आडोसा असलेल्या टेबलाशी बसून 'पेस' नावाच्या पुस्तिका आपापल्या गतीने सोडवतात. वर्षाला एका विषयाच्या साधारण १२. अडलं की टेबलावर छोटा झेंडा लावायचा, मग सुपरवायझर, म्हणजे देखरेख करणारी मोठी व्यक्ती, मदतीला येते. उत्तरंही बरीचशी स्वतःच तपासायची. त्यामुळे छोट्या चर्चलाही मोजक्या माणसांत शाळा चालवता येते.

मागे पडलेल्या मुलाला यात उसंत मिळते, हे मला मोलाचं वाटतं. पण वर्गात चर्चा जवळपास नाही, आणि विज्ञानाच्या एका जुन्या पुस्तिकेत उत्क्रांतीविरुद्ध चक्क स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातल्या दंतकथेतल्या प्राण्याचा दाखला होता. प्रवेश घेण्याआधी विज्ञानाच्या पुस्तिका स्वतः वाचा. पुढच्या कॉलेजला हे प्रमाणपत्र चालतं का, तेही लेखी विचारून घ्या.