तुम्ही विचारा, आम्ही सांगू : एका दिवसात जुनी सांगली

प्रश्न : नागपूरहून एका लग्नाला सांगलीला येतोय. मोकळा एकच दिवस आहे. जुनं गाव कुठून बघू आणि खाऊ काय?

उत्तर : सकाळीच गणपती मंदिराजवळ या. दर्शन झालं की कृष्णेच्या घाटावर जरा बसा. १९२९ चा आयर्विन पूल तिथून छान दिसतो. मग गावभागाच्या बोळांतून चालत फिरा, गाडी नकोच. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं. आमच्याकडे नाटकाची तिकिटं अजून हक्कानं मागतात ती उगाच नाही!

पण खरी गंमत सांगलीजवळच्या हरिपूरला. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार : तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही. उघडल्यावर मात्र लगेच कुणी आत उतरत नाही; आधी हवा खेळू देतात. माझे आजोबा लहानपणी आम्हाला पेवाच्या काठाजवळही फिरकू देत नसत. २००५ च्या पुरात कित्येक पेवं गेली.

खायला भडंग, म्हणजे तिखट मसालेदार चुरमुरे. लसूण आणि शेंगदाणे सढळ हातानं घातलेलं घ्या, घरी नेण्यासाठी वेगळा पुडा बांधून घ्या. एवढा पुडा कशाला, असं वाटेल. गाडीतच अर्धा संपतो.