सनरूफ राहू दे, आधी अर्थिंग बघ

तुला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे ना? इंदूरच्या रामबागेतून पीथमपूर आणि परत, म्हणजे रोजचे साठेक किलोमीटर. एवढ्यासाठी सगळ्यात मोठ्या बॅटरीच्या मागे लागू नकोस. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचंच उदाहरण बघ ना: ३० आणि ४५ किलोवॅट-तास, अशा दोन बॅटऱ्या. मोठीची एका चार्जवरची कागदावरची रेंज ४८९ किमी, पण मे महिन्यात एसी लावून हायवेला तेवढी मिळत नाही. महिन्यातून दोनदा भोपाळ असेल तरच मोठीला जादा पैसे मोज. एरवी लहान बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते.

सॉकेटवरून आठवलं. गाडी बुक करण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावच. आमच्या वाड्यात पहिल्याच रात्री चार्जरचा लाल दिवा लागला, गाडी चार्ज होईना. खोदून पाहिलं तर अर्थिंगची तार गंजून तुटलेली! नवी बसवली तेव्हा कुठे हिरवा दिवा आला.

सनरूफ मात्र सोड. माळव्यातल्या उन्हात ती सहा महिने बंदच राहते. त्या पैशात हवा खेळणाऱ्या सीट मिळत असतील तर त्या घे, आईंना पुढे बसवून उज्जैनला नेताना फार बरं पडेल. आणि टेस्ट ड्राइव्हला त्यांना मागेही बसव, गुडघे वर येतात का ते बघ.